श्रीवर्धनची मानाची गाडी

श्रीवर्धनला समुद्र बघायला जायचं असेल, तर हे वाचून तुम्हाला काडीचा उपयोग होणार नाही. मी तिथे राहून आले आणि समुद्र पाहिला तो एकदाच, तोही टेम्पोच्या आरशात. बाकी सगळा वेळ सुपारीच्या एका वखारीत गेला. पण कोकणात जाऊन माझ्याइतकी धडधड कुणाची झाली असेल असं मला वाटत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आधी मी कोण ते सांगते. भोसरीला आमचं छोटं वर्कशॉप आहे. मी, सावंत मिस्त्री आणि हाताखाली पाच-सहा माणसं. आम्ही गोदामांसाठी चाकांवरची टेबलं बनवतो. लोखंडी सांगाडा, चार चाकं, वर कॉम्प्युटरचा पडदा, लेबलं छापायचा प्रिंटर, स्कॅनर, आणि खालच्या फळीखाली बॅटरीचा डबा. गोदामात माल एका टोकाला आणि कॉम्प्युटर दुसऱ्या टोकाला असतो, त्यामुळे माणसं दिवसभर नुसते हेलपाटे घालतात. आमची गाडी ढकलत थेट मालापाशी न्यायची, तिथंच मोजायचं, तिथंच लेबल चिकटवायचं. वायर नाही, प्लग नाही, बॅटरीवर अख्खा दिवस निघतो. सांगायला एवढंच आहे, पण ते जमवताना माझे केस पिकले.

तर एक दिवस श्रीवर्धनहून नूतनताईंचा फोन आला. त्या सुपारीच्या वखारीत मुकादम. वखार बापूशेठची, पण बापूशेठचं आता वय झालंय आणि कारभार त्यांचा पुतण्या निखिल बघतो, तोही पनवेलला बसून. निखिलने ठरवलं होतं की मालाची मोजणी आणि लेबलं हे काम पनवेलच्या एका एजन्सीला द्यायचं. सुपारी निवडायचं काम हंगामापुरतं असतं, वर्षभर बायकांना धरून ठेवते ती ही मोजणीच. ती गेली की सहा जणींनी घरी बसायचं.

"मी त्यांना म्हटलं, मशीन आमच्या हातात द्या, आम्ही मोजतो," नूतनताई म्हणाल्या. "ते म्हणाले, गुरुवारपर्यंत अख्खी वखार मोजून दाखवा, मग बघू. मॅडम, तुमच्या गाड्या घेऊन या. नाही जमलं तर आम्ही सगळ्या घरी."

माणूस असं सरळ बोललं की मला नाही म्हणता येत नाही. शिवाय, खोटं कशाला बोलू, आमच्या गाड्या आजवर चकचकीत गोदामांतच फिरल्या होत्या. कोकणच्या दमट हवेत त्या टिकतात का, हे मलाही बघायचं होतं.

सोमवार, ताम्हिणीतून खाली

तीन गाड्या टेम्पोत दोरखंडाने आवळून बांधल्या आणि आम्ही ताम्हिणी घाटाला लागलो. टेम्पो चालवायला अन्वर होता. आमचा सगळा माल तोच पोचवतो आणि वाटेत मला चिडवायचं कामही तोच करतो. प्रत्येक वळणाला मागून काहीतरी खडखडायचं आणि मी ओरडायची, "अन्वर, हळू!"

"मॅडम, याच्यापेक्षा हळू म्हणजे उभा."

माणगावला चहा घेतला. बाजारपेठेत गर्दी, महामार्गावर ट्रकांचा धुरळा, आणि त्या धुरळ्यात उभं राहून मी टेम्पोचं मागचं दार उघडून दोरखंड तपासत होते. चहावाला मला म्हणाला, "आत काय गुरं हायत का बाई, इतक्या वेळा बघता?" अन्वर हसून हसून वाकला. मला हसू आलं नाही. वडापाव तेवढा चांगला होता, वर तळलेली मिरची दिली होती.

म्हसळ्यानंतर रस्ता अरुंद होतो आणि हवेचा वासच बदलतो. दोन्ही बाजूंना सुपारीच्या बागा, बारीक बुंध्यांची सरळसोट झाडं, खाली गार ओली सावली. आमच्या देशावर सावली म्हणजे सुख. इथली सावली अंगाला चिकटते. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि मनात म्हटलं, हा ओलावा सर्किटमध्ये शिरला तर आपलं काही खरं नाही.

वखार बागेच्या कडेला होती. कौलारू छप्पर, पुढे मोठं खळं, म्हणजे अंगण, आणि खळ्यात वाळत घातलेली सुपारी. आत गोणपाटाच्या पोत्यांच्या थप्प्या पार छतापर्यंत लागलेल्या. बाजूला सोललेल्या सालींचा ढीग, वाळून कोरडा ठणठणीत झालेला. त्या ढिगाकडे बघून मला पहिल्यांदा काहीतरी खुपलं. पण तेवढ्यात नूतनताई समोर आल्या. चाळिशीच्या, उंच, पदर खोचलेला, चेहऱ्यावर झोप न झाल्याच्या खुणा.

"आलात! मला वाटलं घाटातूनच परत फिरता की काय."

बापूशेठ काठी टेकत गाड्यांभोवती फिरले. "हिला खायला काय लागतं?"

"रात्री फक्त वीज. दिवसा काही नाही."

"मग आमच्या निखिलपेक्षा बरी," ते म्हणाले आणि बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

त्यांत सगळ्यात मोठी आक्का. बारीक चणीची, साठी ओलांडलेली, हातात सुपारी कातरून बघायचा अडकित्ता. जन्म या वखारीत गेलेला. तिने पडद्याला बोट लावलं, ते परत काढून कपाळाला लावलं आणि मला विचारलं, "नवी हाय ना? अजून कुठं चालली न्हाय ना?"

"नाही आक्का. कोरी करकरीत."

"व्हय, मंग बरं," ती म्हणाली. का बरं, ते मी विचारलं नाही. ते मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

संध्याकाळी चालवून बघताना पहिली फजिती झाली. जमिनीवर सांडलेली एक सुपारी पुढच्या चाकात अडकली आणि गाडी जागच्या जागी गच्च. मी जमिनीवर आडवी पडून स्क्रूड्रायव्हरने ती काढली, तर बायकांनी मी साडेतीन हजार मैलांवरून आल्यासारखं माझं कौतुक केलं. पुण्याच्या गोदामात जमीन आरशासारखी असते, तिथे चाकाला अडवायला धुळीचा कणही नसतो. मी नूतनताईंना सांगितलं, गाडीच्या पुढे एकीने झाडू घेऊन चालायचं. "म्हणजे वरातच की," त्या म्हणाल्या.

मंगळवार, वखारीत

माझी उतरायची सोय जवळच एका घरात होती. सकाळी त्यांनी घावणे आणि नारळाचा रस असं काही वाढलं, की मी दोनदा मागून घेतलं आणि वखारीत पोचायला उशीर केला.

पोचले तर तिन्ही गाड्या नटलेल्या. हळदीकुंकवाची बोटं, तांदूळ, पडद्याच्या कडेला जास्वंद. मधल्या गाडीच्या मुठीला लिंबू-मिरचीसुद्धा बांधलेली. आक्का म्हणाली, "ही मानाची गाडी. पहिली थप्पी हिच्यावर."

मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं गोदामांना गाड्या दिल्या, पण असं कुणी केलं नव्हतं. मी फोटो काढला, सावंत मिस्त्रींना पाठवला, फोन खिशात टाकला आणि कामाला लागले.

आणि काम काय सुरू झालं! एकीने पोतं वळवायचं, दुसरीने लेबल चिकटवायचं, तिसरीने त्यावर स्कॅनर धरला की टुं. दुपारपर्यंत त्यांचे हात असे बसले की मलाच बाजूला व्हावं लागलं. स्कॅनरचा आवाज आक्काला फार आवडला. प्रत्येक टुंला ती मान हलवायची. मानाची गाडी तिने कुणाला ढकलू दिली नाही.

जेवायला सगळ्या खळ्याच्या कडेला बसलो. तांदळाची भाकरी, कडव्या वालाचं बिरडं, सुक्या जवळ्याची चटणी. आमच्याकडे ज्वारीची भाकरी म्हणजे चावून खायची गोष्ट. ही पांढरीशुभ्र, पातळ, तोंडात घातली की विरघळली. नूतनताई जेवता जेवता थप्प्यांकडे बघत होत्या.

"आज जितकं झालं तितकंच उद्या झालं, तर गुरुवारी निखिलशेठ यायच्या आत संपतं," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीचं कॉलेज आहे माणगावला. खोली घेऊन राहते. घरी बसून कसं भागवू मी?"

"संपेल," मी म्हटलं. एवढ्या खात्रीने मी कधी काही बोलत नाही, पण त्या दिवशी बोलून गेले.

बुधवार

बुधवारी दुपारी मानाची गाडी सगळ्यात मागच्या थप्पीपाशी होती, सालींच्या ढिगाजवळ. मी दुसऱ्या टोकाला प्रिंटरची गुंडाळी बदलत होते. एक बारीक पीं पीं ऐकू आलं. ओळखीचा आवाज होता, कारण तो मीच बसवला होता. बॅटरी तापली की वाजतो.

मी तिकडे वळेपर्यंत नूतनताईंची हाक आली. "मॅडम, ही काहीतरी म्हणतेय!"

मी धावले. डब्याच्या झाकणाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. चटका बसला. जळक्या प्लास्टिकचा वास यायला लागला होता आणि खालच्या फळीच्या कडेने धुराची बारीक रेघ वर चढत होती. एका बाजूला वाळलेल्या साली, दुसऱ्या बाजूला छतापर्यंत गोणपाट, डोक्यावर लाकडी वासे. इथे एक ठिणगी पडली असती तर मोजायला काही उरलंच नसतं.

"बाहेर! गाडी बाहेर काढा, खळ्यात!"

नूतनताईंनी आणि मी मूठ धरली आणि ढकलायला सुरुवात केली. चार हात गेलो असू आणि गाडी गच्च थांबली. पुढच्या चाकात सुपारी. मी अशी शिवी हासडली की ती इथे लिहिता येणार नाही. वाकून सुपारी काढायला वेळ नव्हता. "उचला तो कोपरा," मी ओरडले, आणि आम्ही दोघींनी पुढची बाजू उचलून धरली, बाकीच्या बायकांनी मागून लोटलं. वजनदार बॅटरी नेमकी त्याच बाजूला. हात खांद्यातून उखडताहेत असं वाटत होतं. दारातून बाहेर पडलो तेव्हा वाळत घातलेल्या सुपारीवरून गाडी कडकड करत गेली आणि आडवी व्हायची राहिली.

तेवढ्यात आक्का पाण्याची बादली घेऊन पळत आली.

"पाणी नको!" मी किंचाळले. "बाजूला हो! पाणी टाकलंस तर सगळं जाईल! अक्कल आहे का नाही?"

ती जागच्या जागी थिजली. बादली हातातून सुटली आणि पाणी खळ्यात पसरलं. नंतर मला माझंच बोलणं कितीतरी वेळ ऐकू येत होतं.

"वाळू! वाळूच्या बादल्या कुठायत?" दारापाशी आगीसाठी टांगलेल्या लाल बादल्या होत्या. अन्वरने एक उतरवली, तर तिच्यात कोथिंबीर उगवलेली. कोथिंबिरीसकट तो घेऊन आला. मी हाताला गोणपाट गुंडाळलं, झाकण उपटलं, बॅटरीची जोडणी धरली आणि ओढली. ती निघेना, पिना चिकटून बसल्या होत्या. पुन्हा ओढली. तिसऱ्या हिसक्याला सुटली आणि मी मागच्या मागे आपटले. अन्वरने वाळू ओतली. धूर थोडा वेळ आला, मग विरळ झाला, मग थांबला.

बापूशेठ दारात काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. माझ्या तळहाताची कातडी लाल झाली होती. मी सरळ वाळूत बसकण मारली.

बॅटरी पूर्ण गार झाल्यावर, म्हणजे उन्हं कलायला लागली तेव्हा, मी डबा खोलला. डोक्यात एकच घोळत होतं, खारा वारा. समुद्राची हवा आत गेली, पिना गंजल्या, माझी गाडी या जागेला नालायक. पण खारा वारा तिन्ही गाड्यांना लागला होता. बाकीच्या दोन मी उघडून बघितल्या, आत लख्ख. मग हिलाच काय झालं?

पिनांवर हिरवा गंज आणि चिकट थर होता. मी बोट लावून वास घेतला. आंबूस, गोडसर. डब्यावरच्या हवेच्या जाळीच्या एका भोकात काहीतरी अडकलं होतं, ते चिमट्याने काढलं. नारळाच्या शेंडीचा तंतू होता, त्याला कुंकू लागलेलं.

तेव्हा कुठे मी खिशातला फोन काढला. काल फोटो पाठवल्यावर लगेच सावंत मिस्त्रींचं उत्तर आलं होतं, ते मी उघडलंच नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं होतं: "मॅडम, नारळ कुठे फोडला?"

हे मिस्त्री दरवर्षी दसऱ्याला वर्कशॉपातल्या एकूण एक मशीनचं पॅनेल प्लास्टिकने बांधतात, मेन स्विच पाडतात आणि मगच मला नारळ फोडू देतात. दरवर्षी मी त्यांच्यावर वैतागते की किती वेळ घालवता.

मी बायकांकडे वळले. "आक्का, नारळ कुठे फोडलास?"

"मानाच्या गाडीवर," ती हळूच म्हणाली. "खालच्या फळीवर. दुसऱ्या दोघींना नुसतं कुंकू लावलं."

खालची फळी मजबूत लोखंडी पट्ट्यांची, मधे फटी. नारळ आपटायला त्याहून चांगली जागा गाडीवर नाही. आणि त्या फळीच्या बरोब्बर खाली, बॅटरीची हवा खेळती राहावी म्हणून, मी जाळी ठेवलेली. तोंड वर करून.

आक्काला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. ती मटकन खाली बसली. "मीच जाळली व्हय गं," ती म्हणाली. "चांगलं व्हावं म्हणून केलं मी. सहा जणींच्या पोटावर पाय दिला."

नूतनताईंनी मला वखारीच्या मागे नेलं. "मॅडम, निखिलशेठना नारळाचं सांगू नका. ते म्हणतील, बघा, म्हणूनच मला एजन्सी हवी, या बायकांना मशीनमधलं काय कळतंय."

"मग काय सांगू? गाडीत दोष आहे म्हणू? ते म्हणतील, मग गाड्याही नकोत आणि तुम्हीही नकोत."

त्यांनी तोंडावर हात ठेवला. दोन्हीकडून एकच. मला इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं, आणि असहाय वाटलं की मला राग येतो. पहिल्यांदा तो आक्काचा आला. ज्या घरात उतरले होते तिथे सुरमईचं ताट समोर असताना माझाच आला. त्या चांगल्या सुरमईची चव मला सांगता येणार नाही, कारण ती मला लागलीच नाही.

गुरुवार

पहाटेच उठून मी घरमालकांकडून तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा मागून घेतला. कोकणात घराचं, विहिरीचं, गोठ्याचं, सगळ्याचं छप्पर उतरतं. ओलावा येणारच, तो वाहून जावा म्हणून. माझी जाळी तेवढी आकाशाकडे आ वासून बसली होती. अन्वरने पत्रा कापला, मी वाकवला, आणि धड असलेल्या दोन गाड्यांच्या जाळ्यांवर उतरतं छप्पर बसवलं. ओबडधोबड झालं, पण झालं.

मागच्या थप्प्या मोजायच्या राहिल्या होत्या आणि गाड्या दोनच. आक्का आली होती, पण आत आलीच नाही. खळ्यात त्या जळक्या गाडीशेजारी पाठ करून बसून राहिली.

मोजणी सुरू होऊन थोडाच वेळ झाला आणि निखिलची गाडी आली. पांढरी, नवीकोरी. तो उतरला, खळ्यातली वाळू पाहिली, काळवंडलेला डबा पाहिला आणि सरळ माझ्याकडे आला. तिशीचा, नीटनेटका, आवाज शांत. मला आरडाओरडा करणारी माणसं परवडतात.

"मॅडम, हे काय झालं?"

नूतनताई माझ्या मागे उभ्या होत्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"बॅटरीच्या जोडणीत नारळाचं पाणी गेलं," मी म्हटलं. "गाडीची पूजा केली, तेव्हा."

"काका, ऐकलंत?" तो बापूशेठकडे वळला. "मी काय सांगत होतो? कॉम्प्युटरवर नारळ फोडतात हे लोक. आग लागली असती तर? सॉरी, पण मी रिस्क घेऊ शकत नाही. एजन्सीला आजच हो म्हणतो."

त्याने खिशातून फोन काढला. मागे एकीचा हुंदका ऐकू आला आणि माझं डोकं फिरलं.

"निखिलशेठ, तुमची ही नवी गाडी. तिचा नारळ कुठे फोडलात?"

त्याने वळून गाडीकडे पाहिलं. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक अजून ताजं होतं आणि पुढे लिंबू-मिरची लोंबत होती.

"चाकापुढे. पण त्याचा काय संबंध?"

"बॉनेटवर फोडला असता तरी ती पेटली नसती. बनवणाऱ्याला माहीत असतं की गाडीवर वरून पाणी पडणार. मलाही माहीत असायला हवं होतं. आपल्याकडे नवं मशीन आलं की नारळ फुटतो. तुमच्याकडे फुटतो, माझ्या वर्कशॉपात फुटतो, मी स्वतः फोडते. यांनी जगावेगळं काय केलं? पाणी यांनी ओतलं, पण ते आत जायची वाट मी ठेवली होती. चूक माझी आहे, आणि ती वाट मी सकाळीच बुजवली आहे. बघायचीय?"

उत्तराची वाट न बघता मी बाटलीभर पाणी घेतलं आणि चालू गाडीच्या खालच्या फळीवर ओतलं. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. पाणी पत्र्यावरून घरंगळत जमिनीवर गेलं. पडदा चालू. स्कॅनर हातात घेतलेल्या बाईने न सांगता शेजारच्या पोत्यावर धरला. टुं.

खरं सांगते, त्या क्षणी तो पत्रा गळला असता तर मी तिथेच मेले असते. ओबडधोबड काम होतं ते.

बापूशेठनी काठी आपटली. "निखिल, तू गुरुवारपर्यंत म्हणाला होतास. गुरुवार अजून संपलाय का?"

"नाही, पण काका..."

"मग फोन ठेव खिशात आणि बस."

तो बसला नाही. दिवसभर गाड्यांच्या मागे मागे फिरत राहिला आणि त्याच्या बुटांच्या आवाजाने माझ्या कपाळाची शीर उडत राहिली. बायकांनी जेवण उभ्या उभ्या उरकलं. नुसतं टुं, टुं. ऊन खळ्यातून सरकत बागेत गेलं, तेव्हा शेवटच्या पोत्यावर लेबल बसलं.

"आता मी तपासतो," निखिल म्हणाला. "ती थप्पी." त्याने नेमकं बोट केलं ते जळालेल्या गाडीने मोजलेल्या थप्पीकडे. गाडी जळाली तरी तिने मोजलेलं सगळं ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर जात होतं, हे मला माहीत होतं. तरी मी त्याच्या मागोमाग थप्पीपाशी गेले. ती थप्पी आक्काने मोजली होती.

त्याने एकेका पोत्यावर हात ठेवत मोजलं. मग पडद्याकडे पाहिलं. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं, या वेळी मोठ्याने. शेवटच्या पोत्यावर त्याचा हात थांबला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. फोन काढून तो दाराकडे गेला. एजन्सीवाल्याशी बोलताना त्याची पाठ आमच्याकडे होती. "नको, आता नको. आमचं इथेच होतंय." बस, एवढंच.

नूतनताईंनी माझा हात धरला, तोही नेमका भाजलेला. मी बोंबलले आणि मग आम्ही दोघी रडलो का हसलो ते मला नीट आठवत नाही. आक्काला सांगायला सगळ्या बाहेर धावल्या. ती उठली, पदराने डोळे पुसले आणि घरी गेली. मानाच्या गाडीकडे तिने वळूनही पाहिलं नाही. टेम्पो मागे घेताना बागांच्या फटीतून आरशात समुद्र दिसला, तो याच वेळी.

पुन्हा श्रीवर्धन

महिन्याभराने आम्ही परत गेलो. बाकीच्या दोन गाड्यांना नवीन छप्परं बसवायची होती आणि मानाची गाडी दुरुस्त होऊन आली होती. जाळी आता खालच्या तोंडाची, वर उतरता पत्रा, आणि समोर मुठीच्या खाली सावंत मिस्त्रींनी एक जाड लोखंडी वाटी जोडलेली. वाटीच्या बुडाला नळी आणि नळीचं तोंड थेट चाकाबाहेर, जमिनीवर.

वखारीत सगळं सुरळीत चाललं होतं. फक्त आक्का, नूतनताईंनी सांगितलं, गाड्यांच्या जवळ जात नाही. एका कोपऱ्यात बसून सुपारी निवडते. कुणी स्कॅनर पुढे केला तर हात मागे घेते.

मी माणगावच्या बाजारातून घेतलेला नारळ पिशवीतून काढला आणि तिच्यासमोर धरला.

"न्हाय बाय," ती म्हणाली. "आता न्हाय. माझा हात वाईट हाय."

"आक्का, मी तुला त्या दिवशी वाटेल ते बोलले. माझी जीभ वाईट आहे, तुझा हात नाही. ही वाटी तुझ्यासाठी केलीय. तू फोडल्याशिवाय मला कळणार कसं, की गाडी नीट झालीय का नाही?"

तिने वाटीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग उठली. नारळ घेतला, डोळ्यांना लावला. मी बटण दाबून गाडी चालू केली आणि पडदा उजळला. ते बघून तिचा हात पुन्हा थांबला.

"चालू हाय की गं ही. बंद कर ना."

"नको. चालूच राहू दे."

वखारीत सगळ्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. अन्वर हसायचा थांबला. आक्काने हात वर नेला आणि नारळ वाटीवर आपटला, एकदा, दोनदा. तो फुटला. पाणी वाटीत भरलं, गरगरलं, नळीतून खाली उतरलं आणि चाकाबाहेर जमिनीवर सांडलं. मी गुडघ्यांवर बसून डब्याखाली हात फिरवला.

"कोरडा," मी म्हटलं.

आक्काने स्कॅनर उचलला आणि जवळच्या पोत्यावर धरला. टुं. तिने मान हलवली.

"आता झाली आमची," ती म्हणाली, आणि गाडी ढकलत आत घेऊन गेली.